फोल्डरचे नाव छायाचित्राच्या नावात कसे आणावे?

धर्मग्रामांतून, शाळांतून आणि युवा मंडळांकडून आमच्याकडे प्रसिद्धीसाठी जी छायाचित्रे येतात, त्यांपैकी बहुतेकांचे नाव ‘डीएससी_००४५’ किंवा ‘आयएमजी_२३१०’ अशा धर्तीचे असते. छायाचित्र उत्तम असते, चेहरे स्वच्छ दिसतात; परंतु कार्यक्रम कोणता, गाव कोणते आणि साल कोणते याचा त्या नावावरून काहीही बोध होत नाही. पाठवणाऱ्याने ही माहिती लिहून ठेवलेली नसते असे मात्र नाही. त्याने आपल्या संगणकावर ‘२००७’ नावाचा एक फोल्डर केलेला असतो, त्यात ‘बाळ येशू यात्रा’ हा दुसरा फोल्डर असतो आणि त्यात ही छायाचित्रे व्यवस्थित ठेवलेली असतात. छायाचित्र तेथून उचलून ईमेलला जोडले अथवा पेन ड्राइव्हवर टाकले की फाइल प्रवासाला निघते आणि फोल्डर घरी राहतो. माहिती फोल्डरवर लिहिलेली असल्यामुळे तीही घरीच राहते.

या अडचणीवर उपाय सोपा आहे आणि तो बहुधा मोफत उपलब्ध आहे. छायाचित्र घराबाहेर पडण्यापूर्वी, ते ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचे नाव संगणकाकरवी काढून घ्यावे आणि छायाचित्राच्याच नावात बसवावे. एकेका फाइलचे नाव हाताने बदलण्याची आवश्यकता नसते. हजार छायाचित्रे असली तरी काम काही मिनिटांत होते. मात्र त्यासाठी संगणक फाइलचा पत्ता कसा लिहितो, हे थोडे समजून घ्यावे लागते.

प्रत्येक फाइलचा एक संपूर्ण पत्ता असतो. संगणकाच्या परिभाषेत त्याला ‘पाथ’ म्हणतात. आपण मार्ग म्हणू. उपरोक्त छायाचित्राचा मार्ग असा लिहिता येईल:

डी:\छायाचित्रे\२००७\बाळ येशू यात्रा\डीएससी_००४५.जेपीजी

आपण पाकिटावर पत्ता लिहितो तो आधी घर, मग गल्ली, मग शहर अशा क्रमाने. संगणक नेमका उलट चालतो: आधी डिस्क, मग मोठा कप्पा, त्यातला लहान कप्पा आणि सर्वांत शेवटी फाइल. प्रत्येक दोन पायऱ्यांच्या मध्ये एक तिरकी रेघ असते. विंडोजमध्ये ती डावीकडे झुकलेली असते, तर मॅक आणि लिनक्समध्ये उजवीकडे. फोल्डरचे नाव काढणे म्हणजे या ओळीचे तिरक्या रेघांपाशी तुकडे करणे आणि त्यातला हवा तो तुकडा उचलणे, एवढेच काम आहे.

हवा तो तुकडा कोणता, हे ठरवताना पहिली दक्षता घ्यावी लागते. नवशिके डावीकडून मोजतात: ‘चौथा तुकडा म्हणजे कार्यक्रमाचे नाव’. आपल्या संगणकावर हे गणित बरोबर येते. परंतु तोच फोल्डर पेन ड्राइव्हवर गेला की ‘छायाचित्रे’ ही पायरी गळते आणि चौथ्या जागी फाइलचेच नाव येऊन बसते. म्हणून मोजणी नेहमी उजवीकडून, म्हणजे शेवटाकडून करावी. शेवटचा तुकडा फाइलचा, त्याच्या अलीकडचा तिच्या फोल्डरचा आणि त्याच्याही अलीकडचा त्या फोल्डरच्या पालक फोल्डरचा. मार्ग लांब असो वा आखूड, शेवटाकडून मोजलेले नाते बदलत नाही.

दुसरी दक्षता बिंदूची. फाइलच्या नावाच्या अखेरीस येणारे ‘.जेपीजी’ हे तिचा प्रकार सांगते आणि त्यापूर्वी एक बिंदू असतो. काही जण स्वतः लिहिलेल्या छोट्या सूत्रात ‘पहिला बिंदू आला की नाव संपले’ असे गृहीत धरतात. आपल्याकडे हे गृहीतक लगेच फसते, कारण आपले निम्मे फोल्डर ‘फा.’ किंवा ‘सि.’ या संक्षेपाने सुरू होतात! ‘फा. अमुक यांचा दीक्षाविधी’ या फोल्डरमधून असे सूत्र केवळ ‘फा’ उचलील आणि पाचशे छायाचित्रांना तेच नाव देऊन मोकळे होईल. बिंदू पाहायचा तो फाइलच्या नावातला आणि तोही शेवटचा. फोल्डरच्या नावातील बिंदूंशी आपल्याला कर्तव्य नाही.

आता मूळ प्रश्न असा की कॅमेरा अशी निरर्थक नावे देतोच का? त्याला कारण आहे. निरनिराळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांतील कार्ड एकमेकांच्या यंत्रांत वाचता यावे म्हणून जपानमधील उद्योग संघटनेने १९९८ साली डीसीएफ नावाचा एक नियम ठरवला. त्यानुसार छायाचित्राच्या नावात चार अक्षरे आणि चार अंक असतात. निकॉन बहुधा ‘डीएससी_’ लिहितो, कॅनन ‘आयएमजी_’ लिहितो आणि पुढे ०००१ ते ९९९९ असा क्रमांक येतो. ९९९९ नंतर कॅमेरा पुन्हा ०००१ वर येतो. म्हणजे उत्साही छायाचित्रकाराच्या संग्रहात काही वर्षांत ‘डीएससी_००४५’ नावाची तीन-चार वेगवेगळी छायाचित्रे सहज जमा होतात. शिवाय एकाच कार्यक्रमात दोघांकडे एकाच कंपनीचे कॅमेरे असतील, तर एकाच दिवशी दोन.

निरनिराळ्या फोल्डरमध्ये असेपर्यंत ती सुखाने नांदतात. पण एखाद्या स्मरणिकेसाठी सर्व वर्षांची छायाचित्रे एका ठिकाणी गोळा करायची ठरते, तेव्हा संगणक विचारतो: या नावाची फाइल येथे आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू काय? घाईतला मनुष्य ‘होय’ म्हणतो. त्या एका होकाराने २००७ सालचे एक छायाचित्र जाते आणि त्याच्या जागी २०११ सालचे येऊन बसते. पडद्यावर काही बिघडल्यासारखे दिसतही नाही. फोल्डरचे नाव आधीच फाइलच्या नावात आणलेले असेल, तर दोन वर्षांच्या छायाचित्रांमध्ये हा संघर्ष उद्भवतच नाही.

कोणी म्हणेल, गेले एक छायाचित्र तर काय झाले? आमच्या अनुभवात या प्रश्नाचे उत्तर बहुधा अंत्यविधीच्या दिवशी मिळते. एखादी व्यक्ती निवर्तते आणि कुटुंबीय तिचे चांगलेसे छायाचित्र शोधत येतात. ते क्रमांक सांगत नाहीत. ‘त्या वर्षी यात्रेत बाबा स्वयंसेवकांच्या रांगेत उभे होते, पांढरा सदरा होता,’ असे सांगतात. त्यांना प्रसंग ठाऊक असतो आणि साल ठाऊक असते. म्हणजे नेमकी तीच माहिती, जी एके काळी फोल्डरवर लिहिलेली होती. ती फाइलच्या नावात असेल तर शोध पाच मिनिटांचा. नसेल तर चाळीस हजार छायाचित्रे एकेक करून पाहावी लागतात, आणि तेवढा वेळ त्या दिवशी कोणाकडेही नसतो.

किती पायऱ्यांची नावे घ्यावीत, हा यापुढचा प्रश्न आहे आणि आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. केवळ शेवटच्या फोल्डरचे नाव घेणे पुष्कळदा अपुरे ठरते. नाशिकरोड येथील बाळ येशूची यात्रा दरवर्षी फेब्रुवारीत भरते. त्यामुळे व्यवस्थित ठेवलेल्या संग्रहात प्रत्येक सालाच्या पोटात ‘बाळ येशू यात्रा’ हा फोल्डर असणारच. केवळ तेच नाव उचलले तर पंधरा वर्षांच्या यात्रा एकमेकींत मिसळतील. साल वरच्या पायरीवर आहे, म्हणून दोन पायऱ्या घ्याव्यात. नवे नाव होईल: ‘२००७_बाळ येशू यात्रा_डीएससी_००४५’.

स्थलनामांच्या बाबतीतही तेच. समजा, फोल्डरचे नाव ‘द्वारका’ आहे. नाशिककराला ‘द्वारकेवर उतरलो’ म्हटले की मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता जेथे मिळतात तो गजबजलेला चौक डोळ्यांसमोर येतो. त्याला आणखी काही सांगावे लागत नाही. परंतु द्वारका गुजरातमध्ये समुद्रकाठी आहे आणि दिल्लीतही त्या नावाची मोठी वसाहत आहे. ज्याने तो फोल्डर केला त्याच्या मनात नाशिक होते आणि कदाचित वरच्या फोल्डरचे नावही ‘नाशिक’ होते. एकटी ‘द्वारका’ उचलून आपण छायाचित्राला अर्धवट पत्ता देतो. टपाल खात्यालाही हाच प्रश्न पडला होता: एकाच नावाची अनेक गावे, त्यात लिप्या निरनिराळ्या. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ मराठी अधिकाऱ्याने त्यावर पिनकोडची योजना तयार केली आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती अमलात आली. तिचीही रचना मोठ्या विभागाकडून लहान विभागाकडे जाणारी आहे. पहिला अंक विभागाचा, शेवटचे तीन अंक टपाल कार्यालयाचे.

साल गळले म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण आपल्याच जिल्ह्याशी निगडित आहे. १८७० साली त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट १९१३ साली प्रदर्शित केला आणि त्यानंतर आपला चित्रपटनिर्मितीचा संसार नाशिकला हलवला. १९१७ साली त्यांनी तीच कथा पुन्हा चित्रित केली. आज या कथेच्या चित्रपटाची जी थोडी रिळे शिल्लक आहेत, ती १९१३ च्या मूळ चित्रपटाची की १९१७ च्या दुसऱ्या आवृत्तीची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. कथा तीच, निर्माता तोच, म्हणून केवळ नावाने निवाडा होत नाही; वर्ष सांगणारी वरची पायरी हवी होती.

तरीही सर्वच पायऱ्या घेऊ नयेत. संपूर्ण मार्ग नावात कोंबला तर ‘डी:’ मधील अपूर्णविराम आणि तिरक्या रेघा आड येतात. विंडोजमध्ये फाइलच्या नावात नऊ चिन्हे निषिद्ध आहेत. दोन्ही तिरक्या रेघा, अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण आणि तारका ही त्यांपैकीच. म्हणूनच ‘१०/०२/२००७’ अशी तारीख लिहिता येत नाही. तारीख घालायचीच तर ‘२००७-०२-१०’ अशी, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस या क्रमाने घालावी. मग नावांची यादी आपोआप कालक्रमानुसार लागते. दोन पायऱ्यांच्या मध्ये तिरक्या रेघेऐवजी अधोरेखा वापरावी.

साधनांविषयी थोडक्यात सांगतो. विंडोजमध्ये अनेक फाइली निवडून ‘एफ२’ कळ दाबली तर सर्वांना एकच नाव आणि कंसात अनुक्रमांक मिळतो. ही सोय एका फोल्डरपुरती ठीक आहे, पण फोल्डरचे नाव ती स्वतःहून वाचत नाही. ‘बल्क रीनेम युटिलिटी’ या घरगुती वापरासाठी मोफत असलेल्या प्रणालीत फोल्डरचे नाव जोडण्याचा स्वतंत्र कप्पाच आहे: नाव पुढे जोडायचे की मागे, मध्ये कोणते चिन्ह आणि पायऱ्या किती, एवढे भरले की झाले. तिच्या पडद्यावर बटनांची एवढी दाटी आहे की पहिल्यांदा पाहणारा बिचकतो. बाकीच्या कप्प्यांकडे खुशाल दुर्लक्ष करावे. ‘अॅडव्हान्स्ड रीनेमर’ मध्ये फोल्डरच्या नावासाठी एक खूण लिहावी लागते आणि तिला दोनचा आकडा जोडला की पालक फोल्डरचे नाव मिळते. फिल हार्वे यांनी २००३ पासून विकसित केलेले ‘एक्झिफटूल’ सर्वांत समर्थ आहे, पण ते आज्ञा टंकून चालवावे लागते. धर्मग्रामातील संगणक शिकणाऱ्या एखाद्या तरुणाच्या हाती ते सोपवणे उत्तम.

मराठीत नावे देणाऱ्यांनी आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात, कारण या प्रणालींची माहितीपत्रके त्यांविषयी बहुधा मौन पाळतात. ‘ख्रिस्तजयंती’ हा शब्द आपल्या डोळ्याला पाच अक्षरांचा दिसतो. संगणक त्यातील काना-मात्रा, अनुस्वार आणि हलन्त वेगवेगळे मोजतो, म्हणून त्याच्या हिशेबी ती बारा चिन्हे होतात. आणि लिनक्ससारख्या व्यवस्थेत, जेथे नावाची मर्यादा चिन्हांवर नसून २५५ बाइटची असते, तेथे प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे या एका शब्दाला छत्तीस. देवनागरी नाव तेथे ८५ चिन्हांतच संपवावे लागते. विंडोजमध्ये एका नावाला २५५ चिन्हांची मुभा असली तरी संपूर्ण मार्ग परंपरेने २६० चिन्हांत बसावा लागतो. विंडोज १० मध्ये २०१६ पासून ही अट शिथिल करता येते, पण अनेक प्रणाली अजून तिला धरूनच चालतात. ‘परमपूज्य महागुरुस्वामींच्या शुभहस्ते नूतन सभागृहाचा उद्‌घाटन सोहळा’ असे भारदस्त फोल्डर करणाऱ्यांनी दोन पायऱ्या जोडण्यापूर्वी हा हिशेब करावा. सीडीवर जतन केलेल्या जुन्या संग्रहांत तर नावे ६४ चिन्हांवर छाटलेलीही आढळतात.

दुसरी गोष्ट ‘ऱ’ या अक्षराची. ‘दुसऱ्या दिवसाची मिरवणूक’ या नावातील ‘ऱ’ एकाच चिन्हाने लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. जुन्या मॅक संगणकांची फाइलव्यवस्था तो नेहमी दोन चिन्हांत मोडून साठवत असे, तर विंडोज जसा टंकला तसाच ठेवतो. परिणामी मॅकवरून आलेला आणि विंडोजवर केलेला असे दोन एकसारखे दिसणारे फोल्डर शेजारी शेजारी उभे राहतात आणि एकाचा शोध घेतला तर दुसरा सापडत नाही. तोच प्रकार अंकांचा: देवनागरी ‘२००७’ आणि इंग्रजी अंकांतील तेच साल ही संगणकाच्या लेखी वेगळी चिन्हे आहेत. कोणते वापरावे याविषयी आमचा आग्रह नाही. एका संग्रहात एकच पद्धत असावी, एवढेच. रोमन लिपीत नाशिक लिहिताना कोणी ‘एच’ घालतो, कोणी गाळतो. तेथेही एक काय ते आधी ठरवून घ्यावे.

फोल्डरचे नाव उचलण्यायोग्य आहे काय, हेही एकदा पाहून घ्यावे. कार्डावरून तसेच उतरवलेले फोल्डर ‘१००कॅनन’ अशा नावाचे असतात. ते कॅमेऱ्याने दिलेले नाव आहे आणि ते जोडून काहीच साधत नाही. ‘न्यू फोल्डर (२)’ ची गोष्ट तीच. ‘सिस्टरकडून आलेले’ हे नाव ज्या दिवशी दिले त्या दिवशी त्याचा अर्थ लख्ख होता. कोणत्या सिस्टर, कोठून आणि कशाचे, हे सहा महिन्यांनी देणाऱ्यालाही सांगता येत नाही. आधी फोल्डरची नावे सुधारावीत. फोल्डर पन्नास असतात आणि छायाचित्रे पाच हजार, तेव्हा श्रम पन्नासांवर घ्यावेत आणि पाच हजारांचे काम संगणकावर सोडावे.

नवे नाव देताना जुना क्रमांक मात्र पुसू नये. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत पुढे दृढीकरण झाले, विवाह झाला, तर त्याची नोंद त्याच नोंदीपाशी केली जाते. धर्मसंहितेच्या ५३५ व्या कलमाने तसे सांगितलेच आहे. मूळ नोंद खोडून नवी लिहिली जात नाही. तद्वतच ‘डीएससी_००४५’ हा भाग नव्या नावाच्या अखेरीस राहू द्यावा. त्याच्या आधारे मूळ कार्डाशी ताळा जुळवता येतो, छायाचित्रे कोणत्या क्रमाने टिपली ते कळते आणि एकाच छायाचित्राच्या दोन प्रती ओळखू येतात.

छायाचित्राच्या आत कॅमेऱ्याने नोंदवलेली तारीख असते, मग फोल्डरची उठाठेव कशाला, असे काही जण विचारतात. ती तारीख उपयोगी आहे, पण कॅमेऱ्याची बॅटरी बराच काळ काढून ठेवली की त्याचे घड्याळ मूळपदावर जाते आणि मग नाताळची छायाचित्रे भलत्याच वर्षीच्या जानेवारीची ठरतात. प्रसंगासाठी फोल्डरवर विश्वास ठेवावा आणि क्रमासाठी कॅमेऱ्यावर, असे आमचे मत आहे. दोहोंत विसंगती दिसली तर कार्यक्रमाची पत्रिका शोधावी. शिवाय छायाचित्र व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवले की ही आतली माहिती गळून जाते आणि मूळ नावही बदलते. त्या जागी पाठवल्याची तारीख आणि ‘डब्ल्यूए’ अक्षरांनंतरचा क्रमांक येतो. म्हणून आमच्याकडे छायाचित्रे पाठवताना ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावीत. तसे केल्यास नावही टिकते आणि आतील माहितीही. ज्यांना एक्झिफटूल चालवता येते, त्यांनी फोल्डरचे नाव छायाचित्राच्या आतील मथळ्याच्या रकान्यातही लिहून ठेवावे. पुढे कोणी फाइलचे नाव बदलले तरी ते तेथे राहते.

प्रत्यक्ष कामाला बसताना प्रथम संपूर्ण संग्रहाची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी आणि ती बाजूला ठेवावी. मग एकाच फोल्डरमधील दहा छायाचित्रांवर प्रयोग करावा. वर उल्लेखिलेल्या पहिल्या दोन्ही प्रणाली नवे नाव कसे दिसेल ते आधी पडद्यावर दाखवतात. ती यादी घाई न करता वाचावी, विशेषतः ‘फा.’ असलेले आणि ‘ऱ’ असलेले फोल्डर. सर्व ठीक दिसल्यावरच उर्वरित फोल्डर घ्यावेत. काम पूर्ण झाल्यावर जुना मार्ग आणि नवे नाव यांची दोन रकान्यांची यादी एका साध्या मजकूर-फाइलीत उतरवून त्याच डिस्कवर, सर्वांत वरच्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि तिची एक छापील प्रत धर्मग्रामाच्या कपाटात, नोंदवह्यांच्या शेजारी ठेवावी.